आमच्या अपेक्षा मोजता, मग आमच्याशी बोला की!

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

रिझर्व्ह बँकेतून वरच्या हुद्द्यावरून निवृत्त झालेल्या एका अर्थतज्ज्ञांचं मुंबईतल्या एका विद्यापीठात जाहीर व्याख्यान झालं. त्याची बातमी गेल्या आठवड्यात आपल्या दैनिकात वाचली. चार ओळी आणि दीपप्रज्वलनाचा फोटो. महागाई आटोक्यात आहे, विकासदर चांगला आहे, तरुणांनी संधीचं सोनं करावं, एवढा मजकूर. बातमीत खोटं काही नाही. पण त्या सभागृहात शेवटून तिसऱ्या रांगेत मी दीड तास बसले होते आणि जे छापायला हवं होतं ते नेमकं राहून गेलं असं मला वाटतं. वक्त्यांचं आणि विद्यापीठाचं नाव मी इथे लिहीत नाही, मला कुणा एकाला बोल लावायचा नाही. असंच सगळीकडे चालतं, म्हणून लिहिते आहे.

आधी मी कोण ते सांगते, नाहीतर ‘ही बाई तिथे गेलीच कशाला’ असा प्रश्न पडेल. मी पिग्मी एजंट आहे. एका पतसंस्थेसाठी दादर पश्चिमेच्या फुलबाजारात आणि आजूबाजूच्या गल्ल्यांत रोजची ठेव गोळा करते. कुणाचे पन्नास, कुणाचे शंभर, गाळेवाल्यांचे पाचशे. पूर्वी कार्डावर सही करायचो, आता हातात मशीन असतं, टर्र करून पावती बाहेर येते. नोटा ओल्या मिळतात. झेंडूच्या पाकळ्या चिकटलेल्या असतात, त्या झटकून, घरी पंख्याखाली पसरून, मग दुसऱ्या दिवशी भरणा. ही पिग्मी कल्पना 1928 साली उडुपीकडच्या सिंडिकेट बँकेनं काढली, रोज दोन आणे दारात जाऊन गोळा करायचे. ती बँक 2020 मध्ये दुसऱ्या बँकेत विलीन झाली, पण दारात जाऊन पैसे गोळा करणारी माणसं अजून आहेत. मुलगी अर्थशास्त्रात एम.ए. करते आहे. ‘आई, तू व्याजाचंच काम करतेस, चल ऐकायला,’ असं म्हणून तिनं मला नेलं.

व्याख्यान इंग्रजीत होतं. मला इंग्रजी समजतं, बी.कॉम. आहे, फक्त वेगानं बोललं की मागे पडते. पडद्यावर तक्ते होते. 2025 सालात रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दरानं बँकांना कर्ज देते तो, साडेसहावरून सव्वापाच झाला: फेब्रुवारीत पाव, एप्रिलमध्ये पाव, जूनमध्ये एकदम अर्धा आणि डिसेंबरमध्ये पुन्हा पाव टक्का. म्हणजे वर्षात सव्वा टक्का कमी. ऑक्टोबरमध्ये किरकोळ महागाई 0.25 टक्के, 2012 च्या पायावरच्या मालिकेतला सगळ्यात कमी आकडा, नोव्हेंबरमध्ये 0.71. वक्ते सांगत होते की कपात आता कर्जदारांपर्यंत पूर्वीपेक्षा लवकर पोचते, कारण ऑक्टोबर 2019 पासून घरकर्जासारखी बदलत्या दराची नवी कर्जं बाहेरच्या मापाला, बहुतेक ठिकाणी रेपोलाच, बांधलेली आहेत. हे खरंच आहे. आमच्या चाळीत दोघांचे हप्ते कमी झाले.

मग एक तक्ता आला आणि मी सावरून बसले. रिझर्व्ह बँक 2005 पासून शहरांतल्या कुटुंबांना विचारते की सध्या महागाई किती आहे असं तुम्हाला वाटतं, तीन महिन्यांनी किती असेल, वर्षानं किती असेल. हल्ली देशातल्या 19 शहरांत साधारण सहा हजार घरांना विचारतात, त्यात मुंबई आहे. या उत्तरांची सरासरीसारखी रेघ पडद्यावर होती. सरकारी आकडा एक टक्क्याच्या खाली गेलेला असताना लोक म्हणत होते की आत्ता सहा टक्क्यांच्या वर आहे आणि वर्षभरात आणखी वाढेल. वक्ते म्हणाले, घरांचा अंदाज नेहमी वरच असतो, त्याचा कल कुठे जातो तेवढं पाहायचं. आणि तक्ता बदलला. अर्धं मिनिटही झालं नसेल.

संपादक महोदय, माझ्या मते त्या दिवसाचा सगळ्यात मोठा विषय तोच होता आणि तो अर्ध्या मिनिटात संपला.

कारण मी ज्या माणसांकडून पैसे घेते ती माणसं त्या रेघेत आहेत. आणि त्यांच्या मनातला आकडा मनात राहत नाही. गजरे ओवणारी बाई मनात दहा टक्के धरून चालत असेल, तर माझ्या साडेतीन टक्क्यांच्या पिग्मीत ती पैसे का ठेवेल? ती भिशीत घालते. किंवा वर्षभर साठवून एक ग्रॅमचा मणी करते. 2025 च्या दिवाळीत दहा ग्रॅम सोनं सव्वा लाखाच्या पुढे गेलं तेव्हा मला वाटलं की आता तरी थांबतील. उलट झालं. ‘ताई, बघितलंत? तुमच्याकडे ठेवले असते तर काय मिळालं असतं?’ असं एकीनं तोंडावर विचारलं. मी काय सांगणार? देशातल्या सगळ्यात मोठ्या बँकेनं बचत खात्यावरचं व्याज जून 2025 मध्ये अडीच टक्क्यांवर आणलं. माणसाला महागाई आठ टक्के वाटते आणि खात्यात अडीच टक्के मिळतात. अशा वेळी त्याला बचतीचं महत्त्व सांगणारी पत्रकं वाटणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

पुढचा भाग दरांचा. जुलै 2023 मध्ये मुंबईत टोमॅटो दीडशेच्या पुढे गेला होता. त्या महिन्यात देशाची किरकोळ महागाई 7.44 टक्के होती. फुलबाजारात टोमॅटोचं काय काम? काम असं की हमालाच्या जेवणाचं ताट महागलं, त्यानं क्रेटमागे पैसे वाढवून मागितले. गाळेवाल्यानं ते दिले, कारण हमाल दुसरीकडे गेला तर पहाटे चार वाजता माल उतरवणार कोण? मग गाळेवाल्यानं शेवंतीच्या भावात ते लावले. टोमॅटो दीड-दोन महिन्यांत खाली आला. हमालीचा दर खाली आला नाही. कटिंग चहाचं तेच, पोळीभाजीच्या डब्याचं तेच. एकदा चढलेला मजुरीचा दर उतरत नाही हे आमच्या बाजारात शेंबडं पोरही सांगेल. रिझर्व्ह बँकेच्या मासिक पत्रिकेतही 2024 च्या ऑगस्टमध्ये तिच्याच अर्थतज्ज्ञांनी हा प्रश्न घेतला होता, की अन्नाच्या किमती बाकीच्या किमतींत कशा सांडतात. म्हणजे वर बसलेल्यांना हे माहीत आहे. आम्हालाही माहीत आहे. दोघांची गाठ मात्र कधी पडत नाही.

तर मी चिठ्ठी लिहिली. प्रश्न चिठ्ठीवरच द्यायचे होते. गळ्यात ओळखपत्र घातलेली मुलं प्लास्टिकच्या ट्रेमध्ये चिठ्ठ्या गोळा करत फिरत होती. मी मराठीत लिहिलं: ‘महागाई अर्ध्या टक्क्यावर आली असं आपण म्हणता. मग बाजारातली बाई पुढच्या वर्षी भाव वाढणारच हे धरून का चालते? आणि ती चुकत असेल तर तिला हे समजावून सांगायचं काम कुणाचं?’ सूत्रसंचालकांनी चिठ्ठ्या चाळल्या, तीन काढल्या. एक आभासी चलनावर, एक कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे बँकांतल्या नोकऱ्या जातील का यावर, तिसरी ‘तुमच्या यशाचं रहस्य काय’ अशा थाटाची. वेळ संपली. शाल, श्रीफळ, राष्ट्रगीत. बाकीच्या चिठ्ठ्यांचं काय होतं कुणास ठाऊक. माझी मराठीत होती म्हणून राहिली असं मी म्हणत नाही. पन्नासेक चिठ्ठ्यांतून तीनच निघाल्या तर कुणाचीही राहील.

खरी गंमत नंतर झाली. बाहेर चहा-सामोसा होता. मुलगी मागे लागली म्हणून मी वक्त्यांजवळ गेले आणि तोच प्रश्न तोंडानं विचारला. ते चक्क मराठीत बोलायला लागले. आणि काय सुंदर बोलले! दीड तासात जे कळलं नव्हतं ते चहाचा कप संपायच्या आत कळलं. त्यांनी विचारलं, तुमच्या बाजारात वस्तूंची किंमत गेल्या ऑक्टोबरात काय होती आणि या ऑक्टोबरात काय आहे? मी म्हटलं, भाज्या गेल्या वर्षीपेक्षा उतरल्या, बाकीचं आहे तिथेच किंवा थोडं वर. ते म्हणाले, तोच तो पाव टक्का. त्याआधीच्या ऑक्टोबरात भाज्या भडकलेल्या होत्या, महागाई सहा टक्क्यांच्या वर होती, त्यामुळे या वेळची तुलना त्या उंच भावांशी झाली. त्यात सप्टेंबरात जीएसटीचे दर उतरले. आकडा भाव किती वेगानं चढतात ते सांगतो, भाव किती वर जाऊन बसलेत ते सांगत नाही. तुमच्या बाईला पाच वर्षांपूर्वीचे भाव आठवतात, म्हणून ती रागावलेली आहे, आणि तिचा राग बरोबर आहे. पण त्या रागावरून ती पुढच्या वर्षाचा अंदाज बांधते, तिथे मात्र तिचं नुकसान होतं.

मला हे पटलं. दुसऱ्या दिवशी मी हे गजरेवालीला सांगितलं. ती ऐकून घेत होती, सुई थांबली नव्हती. म्हणाली, ‘म्हणजे महाग झालेलं महागच राहणार, फक्त आणखी लवकर नाही वाढणार. असंच ना?’ मी म्हटलं, असंच. ‘मग टीव्हीवर महागाई कमी झाली असं कशाला सांगतात?’ याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आपल्याकडे असेल तर सांगा, कारण मथळे आपण देता.

माझी तक्रार इथेच आहे. ज्या माणसाला इतकं सोपं बोलता येतं त्याला दीड तास तक्त्यांमागे उभं करून, त्याचं सगळ्यात चांगलं बोलणं सामोशाच्या टेबलाशी एका बाईपुरतं राहतं. तिथे दोनशे मुलं होती. त्यांतल्या निम्म्यांच्या घरी कुणीतरी रिक्षा, दुकान, फेरी, डबे असलं काही करत असणार. तो तीन मिनिटांचा खुलासा त्यांच्यासमोर झाला असता तर त्या रात्री शंभर घरांत तो विषय निघाला असता.

आता यावर कुणी म्हणेल, रिझर्व्ह बँकेनं लोकांना समजावत बसायचं की धोरण आखायचं? मला वाटतं ते एकच काम आहे. 2016 मध्ये कायदा बदलून चार टक्के महागाईचं लक्ष्य ठरवलं, खाली-वर दोन टक्क्यांची सूट, आणि सहा जणांची पतधोरण समिती नेमली. वक्त्यांनीच सांगितलं की या पद्धतीचा सगळा डोलारा लोकांच्या अपेक्षांवर आहे. लोकांचा विश्वास बसला की महागाई चारच्या आसपास राहील, तर ती तशी राहायला मदत होते. मजुरी, भाडं, भाव सगळे त्या हिशेबानं ठरतात. मग ज्यांच्या अपेक्षांवर डोलारा उभा आहे त्यांना फक्त मोजायचं आणि त्यांच्याशी बोलायचं नाही, हे कुठल्या हिशेबात बसतं? माझ्या कानावर रिझर्व्ह बँक मराठीतून येते ती ‘ओटीपी कुणाला सांगू नका’ एवढ्यापुरती. ते हवंच. पण व्याजदर का उतरला, त्याचा मला काय उपयोग आणि काय तोटा, हे मला आजवर कुणी सांगायला आलेलं नाही.

2022 मध्ये महागाई लागोपाठ तीन तिमाह्या सहा टक्क्यांच्या वर राहिली. कायद्याप्रमाणे अशा वेळी रिझर्व्ह बँकेनं सरकारला कारणं लिहून द्यायची असतात. 3 नोव्हेंबर 2022 ला त्यासाठी समितीची खास बैठक झाली, पत्र गेलं, आणि ते जाहीर मात्र केलं गेलं नाही. माझं हे पत्र आपण कदाचित छापाल. ज्या पत्रात माझ्या घरखर्चाचा हिशेब का चुकला हे लिहिलेलं होतं, ते छापायला कुणाला मिळालंच नाही.

आणखी एक गोष्ट बोलायला हवी, ती या लक्ष्याच्या मुदतीची. हे चार टक्क्यांचं लक्ष्य पाच-पाच वर्षांसाठी असतं आणि 2021 मध्ये ठरवलेलं 31 मार्च 2026 पर्यंत होतं. पुढे काय करायचं यावर रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट 2025 मध्ये एक चर्चापत्र काढलं आणि लोकांकडून सूचना मागवल्या. लक्ष्य चारच ठेवायचं का, दोन ते सहाचा पट्टा बदलायचा का, नेमका आकडा काढून नुसता पट्टाच ठेवायचा का, आणि सगळ्यात महत्त्वाचं, खाण्यापिण्याच्या वस्तू धरून महागाई मोजायची की त्या वगळून. वगळण्याची सूचना 2024 च्या जुलैत केंद्राच्या आर्थिक पाहणीत आली होती. सूचना पाठवायची मुदत सप्टेंबरात संपलीसुद्धा. मला हे कळलं डिसेंबरात, तेही मुलगी अर्थशास्त्र शिकते म्हणून.

वगळण्याच्या बाजूनं बोलणाऱ्यांचं म्हणणं मी त्या दिवशी नीट ऐकलं. पाऊस चुकला, टोमॅटो कुजला, तर त्याला व्याजदर काय करणार? बरोबर आहे, रेपो वाढवून टोमॅटो पिकत नाही. पण 2012 सालचे भाव पाया धरणाऱ्या महागाईच्या निर्देशांकात खाण्यापिण्याचा वाटा जवळजवळ 46 टक्के होता. फेब्रुवारी 2026 मध्ये नवा पाया आला, त्यात तो कमी झाला. कितीही कमी होवो, माझ्या ठेवीदारांच्या घरात तो निम्म्याहून जास्तच आहे. ज्या वस्तूच्या भावावरून हमाल मजुरी ठरवतो तीच वस्तू मोजदादीतून काढली, तर उरलेल्या आकड्यावर विश्वास कोण ठेवणार? पतधोरण समितीत कुणीही असो, भाजीवाल्याशी घासाघीस करणाऱ्या बाईला ‘तुझी भाजी आम्ही धरत नाही’ असं सांगून तिची अपेक्षा चार टक्क्यांवर आणता येईल असं मला तरी वाटत नाही. हे माझं मत. चूक असेल तर कुणीतरी समोर येऊन, माझ्या भाषेत, खोडून काढावं.

समोर येऊन बोलणारी माणसं आपल्याकडे झालेली नाहीत असं नाही. माझं माहेर रोह्याचं. तिथे चिंतामणराव देशमुखांचं नाव लहानपणापासून कानावर. 1943 साली ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, पुढे देशाचे अर्थमंत्री झाले, आणि 1956 मध्ये मुंबईच्या प्रश्नावर मंत्रिपद सोडलं. नंतर विद्यापीठ अनुदान आयोग सांभाळला, दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू झाले. म्हणजे रिझर्व्ह बँकेतून विद्यापीठात जाण्याची वाट त्यांनीच मळून ठेवली आहे. त्यांच्या नावानं रिझर्व्ह बँक व्याख्यान ठेवते. असंच त्यांच्या नावाचं एक व्याख्यान जानेवारी 2016 मध्ये दिल्लीत झालं, त्यात तेव्हाचे गव्हर्नर रघुराम राजन यांनी डोशाचं गणित मांडलं. मुलीनं ते मला मोबाइलवर दाखवलं. निवृत्त माणसाकडे एक लाख रुपये, डोसा पन्नासला. व्याज दहा टक्के आणि महागाईही दहा टक्के असेल, तर वर्षअखेर व्याज-मुद्दल मिळून दोन हजार डोसे येतात, म्हणजे आज येतात तेवढेच. व्याज आठ आणि महागाई साडेपाच असेल, तर हातात पैसे कमी दिसतात, पण डोसे येतात दोन हजार सत्तेचाळीसच्या आसपास. मी लगेच मशीनवर करून पाहिलं. बरोबर येतं.

मला ते गणित फार आवडलं, आणि त्यावर माझी एक हरकतही आहे. राजन यांच्या माणसाकडे एक लाख एकरकमी आहेत आणि तो वर्षभर त्यांना हात लावत नाही. माझ्या माणसांचा पैसा जूनमध्ये शाळेच्या फीला निघतो, गणपतीला निघतो, कुणी आजारी पडलं की मध्येच निघतो, आणि मुदतीआधी काढला की व्याज कापलं जातं. त्यांचा खरा व्याजदर ठेवीचा नसतो, कर्जाचा असतो. पहाटे माल उचलायला पैसे नसले की बाजारातल्या माणसाकडून नऊशे घ्यायचे आणि संध्याकाळी हजार परत करायचे. हिशेब करा, दिवसाला अकरा टक्के. रेपो सव्वापाच होवो नाहीतर सव्वातीन, या नऊशेचे हजारच होतात. 2020 मध्ये फेरीवाल्यांसाठी केंद्राची स्वनिधी योजना आली, पहिलं कर्ज दहा हजारांचं, आता पंधरा हजारांचं झालं आहे, व्याजात सात टक्क्यांची सवलतही आहे. ज्यांना मिळालं त्यांची या फेऱ्यातून सुटका झाली, हे मी डोळ्यांनी पाहिलं. पण कागद नसलेल्यांपर्यंत ते पोचत नाही. कपात किती झिरपली याचा तक्ता दाखवताना या खालच्या थराची एक रेघ तरी हवी होती.

आणि ठेवीच्या विम्याबद्दल तर कुणी चकार शब्द काढत नाही. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा आहे, फेब्रुवारी 2020 पासून. त्याआधी एक लाख होता. पतसंस्थेतल्या ठेवीला तो नाही, कारण पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या नव्हे, राज्याच्या सहकार खात्याच्या देखरेखीखाली येते. माझ्या कित्येक ठेवीदारांना हा फरक माहीत नव्हता. मी सांगते तेव्हा ते माझ्याकडे संशयानं बघतात की ही स्वतःच्या पोटावर पाय का आणते आहे. हे सांगणं माझ्या एकटीवर का?

मुलगी म्हणते, बाहेरच्या देशांत हे करून पाहिलंय. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे तेव्हाचे प्रमुख बेन बर्नान्के यांनी मार्च 2012 मध्ये जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठात पदवीच्या मुलांना चार व्याख्यानं देऊन शिकवलं, पदावर असताना, मध्यवर्ती बँक का निघाली इथपासून. 2019 मध्ये त्याच बँकेनं गावोगावी लोकांना बोलावून त्यांचं ऐकण्याचे कार्यक्रम घेतले, त्यात कामगार होते, छोटे दुकानदार होते. इंग्लंडची बँक 2017 च्या अखेरीस आपल्या महागाईच्या अहवालाचा साध्या भाषेतला, चित्रांचा सारांश काढू लागली. हे सगळं जमलेलंच आहे असं नाही. तिथेही लोक महागाईवरून चिडलेलेच आहेत. पण निदान प्रश्न कुणाला विचारायचा हे त्यांना माहीत आहे.

माझी मागणी मोठी नाही. रिझर्व्ह बँकेचं मुख्य कार्यालय 1937 पासून याच शहरात आहे. तिथून मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर चालत गाठता येतो. वर्षातून सहा वेळा पतधोरण जाहीर होतं. त्यातल्या एकदा तरी, जाहीर झाल्यावर आठवडाभरात, गव्हर्नरांनी किंवा डेप्युटी गव्हर्नरांनी किंवा मराठी येणाऱ्या कुठल्याही वरिष्ठ अधिकाऱ्यानं मुंबईत मराठीतून बोलावं. वीस मिनिटं व्याख्यान आणि एक तास प्रश्न. चिठ्ठ्या नकोत, माइक फिरू द्या. विद्यापीठानं दारं उघडी ठेवावीत, ओळखपत्र विचारू नये. विद्यापीठाला जमत नसेल तर दादरला अमर हिंद मंडळाची वसंत व्याख्यानमाला आहे, तिथे ऐकायला येणारी माणसं शेवटपर्यंत बसतात. वक्त्याला हे जड जाईल असं मला वाटत नाही. मी पाहिलेल्या वक्त्यांना तर मुळीच गेलं नसतं. गव्हर्नर असताना दुव्वुरी सुब्बाराव आपल्या केशकर्तनाच्या बिलावरून महागाई समजावायचे: डोक्यावर केस भरपूर होते तेव्हा पंचवीस रुपये लागायचे, आता केस उरले नाहीत तर दीडशे लागतात, त्यातली महागाई किती आणि गव्हर्नरांच्या नसलेल्या केसांना हात लावायचा मान किती, हे मला कळत नाही. असं बोलणारा माणूस आमच्या बाजारात आला तर त्याला उठू देणार नाहीत.

आपल्या दैनिकानंही थोडं करावं. दीपप्रज्वलनाच्या फोटोच्या जागेत श्रोत्यांचे दोन प्रश्न आणि त्यांची उत्तरं छापली तर जागा तेवढीच लागेल.

असा कार्यक्रम ठरलाच तर वेळेबद्दल एक सूचना. संध्याकाळी सहाची वेळ विद्यापीठाला सोयीची असते, पण गजऱ्याची विक्री तेव्हाच असते, कुणी जागा सोडून येणार नाही. पहाटेचा बाजार उरकल्यावर दुपारी दोन ते चार माणसं मोकळी असतात. पंधरा-वीस जणांना घेऊन यायची जबाबदारी माझी. फक्त डिसेंबरच्या पतधोरणानंतर ठेवणार असाल तर मार्गशीर्षातला गुरुवार धरू नका.

(पतसंस्थेत कमिशनवर काम करत असल्यानं माझं नाव छापू नये, ही विनंती.)

आपली नियमित वाचक,
एक पिग्मी एजंट,
काळाचौकी, मुंबई